आजन्म हमी

उद्यमनगरात, जिथं ऑइल इंजिनांची चाकं
उन्हात पापडासारखी पसरलेली असायची,
तिथं तिसऱ्या बोळात नेमगोंडा मगदूमांचा कारखाना.
पत्र्याचा. पाटी लहान. परवाना मात्र मोठा,
काचेत मढवलेला, त्यावर रोज झेंडूचं एक फूल.

मी तिथं वही लिहायला होते. सव्वीस वर्षं.

आमचं पिस्तूल दिसायला कुणाला आवडायचं नाही.
"मगदूम, ह्ये पिस्तूल हाय का पान्हा?"
म्हणत शाहूपुरीतले दलाल ते तळहातावर तोलायचे.
हसण्यासारखंच होतं. ठोकळा, जड,
ज्या भट्टीत उसाच्या चरकाचे दात ओतले जात
तिथल्याच रसाचं.
कार्बाइन तर त्याहून बेढब,
खांद्याला लावली की दार उचलल्यागत वाटावं.
पण एका म्हशीच्या किमतीत दोन कार्बाइनी बसायच्या
आणि वर दाव्यापुरते पैसे उरायचे.

घेणारेही तसलेच :
पतसंस्थांचे राखणदार, साखर कारखान्याच्या गेटवरचे,
गडहिंग्लजकडचे पेन्शनीत आलेले फौजी
ज्यांना एटीएमच्या दारात स्टूल मिळायचं, पंखा नाही.
मगदूम म्हणायचे, "मोठ्यांचा जीव राखायला मोठ्या कंपन्या हैत.
ह्यांनी काय नुसती शिट्टी वाजवायची?"

स्वतः पाणी गाळून पीत. फडक्याला चिकटलेलं काही
परत हौदात सोडत, जपून, फडकं उलटं करून.
साच्याच्या वाळूत मुंग्या दिसल्या तर ओतकाम थांबे.
दिवस मावळायच्या आत डबा.
लोक ह्यालाही हसायचे. मी नाही.
पगार वेळेवर व्हायचा.

आणि हमी. छापील कार्डावर :
बिघडलं तर आणा. कधीही. कुणीही. दुरुस्ती फुकट.
मथळा, आजन्म हमी.
एकदा विचारलं, "आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, अण्णा?
पिस्तुलाचा, घेणाऱ्याचा, का तुमचा?"
"आधी जो संपंल त्याचा," म्हणाले
आणि लेथकडं वळले.

वहीत चार रकाने. नंबर, नाव, गाव, तक्रार.
स्प्रिंग सैल. मूठ तडकली. घोडा अडकतो.
मुरगूडच्या सुलाबाई डोणे नवऱ्याची कार्बाइन घेऊन आल्या,
एसटीनं, पोत्यात गुंडाळून, सोबत संस्थेचं पत्र.
नवरा काविळीनं गेलेला.
गंजाचे पैसे संस्था त्याच्या ग्रॅच्युइटीतून कापणार होती.
अण्णांनी नळी उघडली. आत आमचंच ग्रीस,
एकोणीस वर्षांचं, काकवीसारखं घट्ट, जसंच्या तसं.
एकही गोळी गेलेली नाही.
नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं
तशी त्यांनी ती नळी मला दाखवली.
सुलाबाईंना चहा. परतीचं तिकीट.

मग त्या मार्चात, ऐन हिशेबाच्या घाईत,
फौजदार आले. खाकी पाकीट, लाखेचं सील.
नंबर आमचा. शिवेकडचं कुठलं गाव,
बांधावरनं वाद, चुलतभाऊ.
अण्णांनी चष्मा पुसला. नंबर वाचला. मान डोलावली.
आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तसं,
सवयीनं, विचारून बसले :
"चाललं का नीट? अडकलं न्हाई न्हवं?"

फौजदार तरुण होता. त्याला वाटलं, कामाचाच प्रश्न.
"नाही," म्हणाला. "तिन्ही वेळा चाललं."

बोळात कुणीतरी कप विसळत होतं.
पाकीट परत बंद झालं, जीप गेली,
ऊन पत्र्यावरनं उतरलं, मग भिंतीवरनंही.
डबा खिडकीत तसाच, रुमालाची गाठ न सोडलेला.

"वहीत लिव्हा," अण्णा म्हणाले.
मी नंबर लिहिला. नाव. गाव.
चौथ्या रकान्यात पेन टेकलं तिथं शाईचा ठिपका पडला.
"काय लिहू?"

ते वाळूकडं बघत होते. तिथं उद्याचे साचे
दाबून तयार होते, बारा पोकळ्या,
प्रत्येक एका मुठीच्या आकाराची.
"तक्रार न्हाई," म्हणाले.
"तसंच लिव्हा."